वाट पाहणाऱ्यांच्या हाताला काम

प्रति,
माननीय केंद्रीय गृहमंत्री
आणि गृह मंत्रालयाच्या परकीय नागरिक विभागातील जबाबदार अधिकारी,
नवी दिल्ली

महोदय,

सरकारदरबारी गाऱ्हाणं मांडायचं तर ते संघात किंवा राज्यात चालणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडता येतं, अशी सोय राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदात आहे. म्हणून हे पत्र मराठीत. गाऱ्हाणं मात्र माझं नाही. ज्यांचं आहे ते दारी, पश्तो, बर्मी, सोमाली किंवा अरबी बोलतात आणि त्या भाषांत अर्ज घेणारी खिडकी आपल्याकडे नाही. तेव्हा मध्यस्थ म्हणून मी लिहिते आहे.

मी कोल्हापूरची. नोकरीमुळे दिल्लीत आले आणि इथलीच झाले. सुट्टीच्या दिवशी हौज राणीतल्या एका भाड्याच्या खोलीत आम्ही काही जण, जीव वाचवून या देशात आलेल्या माणसांना कामापुरतं हिंदी शिकवतो. कामापुरतं म्हणायची आपली सवय. काम करायची त्यांना परवानगीच नाही. माझं म्हणणं तेवढ्याबद्दल आहे. कुणाला आश्रय द्यायचा आणि कुणाला नाही, हे ठरवणं सरकारच्या हातात आहे आणि त्यावर मी इथे वाद घालणार नाही. पण ते ठरेपर्यंत माणसाचा सोमवार कसा जातो, मंगळवार कसा जातो, याचीही जबाबदारी कुणाची तरी असायला हवी. ती आपली आहे असं मला वाटतं.

व्यवस्था कशी आहे हे आपल्याला सांगायची गरज नाही, पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून थोडक्यात लिहिते. निर्वासितांसंबंधीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही, १९६७ च्या पूरक करारावरही नाही. तिबेटी आणि श्रीलंकेतून आलेले तमिळ यांचं सरकार स्वतः बघतं. अफगाणिस्तान, म्यानमार, सोमालिया, सुदान, येमेन इथून आलेल्यांची नोंद संयुक्त राष्ट्रांची निर्वासितविषयक संस्था दिल्लीत करते, मुलाखती घेते आणि खात्री पटली तर निर्वासिताचं कार्ड देते. नोंद झाली पण निर्णय झाला नाही, अशा माणसाला आश्रयार्थी म्हणायचं. हा मधला काळ महिन्यांचा असतो, पुष्कळांच्या बाबतीत वर्षांचा. २०२५ साली संसदेने परदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदा केला, १९४६ चा जुना कायदा गेला. आश्रयार्थ्यासाठी वेगळी जागा जुन्यात नव्हती आणि नव्यातही केलेली नाही. कायद्याच्या नजरेत तो पर्यटकासारखाच एक परदेशी माणूस, फक्त त्याच्या व्हिसाची तारीख उलटून गेलेली.

असं असूनही आपल्याच मंत्रालयाने २९ डिसेंबर २०११ रोजी एक चांगली गोष्ट केली होती. निर्वासित असल्याचा दावा करणाऱ्यांसाठी एक कार्यपद्धती ठरवून राज्यांना कळवली. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत अशा कारणांवरून छळ होण्याची भीती ज्याच्या बाबतीत सकृद्दर्शनी खरी दिसते, त्याला दीर्घ मुदतीचा व्हिसा देण्याची शिफारस करता येते, असं त्यात आहे. आणि असा व्हिसा मिळालेल्याला खासगी क्षेत्रात नोकरी करता येईल, शिक्षण घेता येईल, असंही स्वच्छ लिहिलं आहे. २०१९ मध्ये ही कार्यपद्धती सुधारून पुन्हा काढली गेली. म्हणजे माणसाला वाट पाहताना काहीतरी करायला हवं, हे तत्त्व सरकारला मान्य आहेच.

अडचण पुढे आहे. आमच्या वर्गात येणाऱ्या बहुतेकांकडे तो व्हिसा नाही. कुणाचा अर्ज पडून आहे, कुणाचा नूतनीकरणात अडकला आहे, कुणाला अर्ज करता येतो हेच माहीत नव्हतं. व्हिसा नाही म्हणून आधार नाही, आधार नाही म्हणून बँकेत खातं नाही, खातं नाही म्हणून जो मालक कामावर घ्यायला तयार होतो तो पगार रोख देतो, आणि रोख देतो म्हणून कमी देतो. महिनाअखेरीस दिलाच नाही, तर पोलीस चौकीत जायची सोय नाही. तिथे पहिला प्रश्न कागदांचा.

आता एक दिवस सांगते. आमच्याकडे अफगाणिस्तानातल्या हेरातचे एक गृहस्थ येतात. वय पन्नाशीचं, तिकडे शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचे. ते रोज बारा वाजता उठतात. आळशी म्हणून नव्हे. त्यांनी मला हिशेबच मांडून दाखवला. सहाला उठलं तर रात्रीपर्यंत सोळा तास काढायचे. बाराला उठलं तर दहाच. चहा, मग गल्लीच्या टोकापर्यंत एक फेरी, मग फोनवर हेरातच्या बातम्या, मग पुन्हा चहा. मुलं शाळेतून आली की घरात जरा हालचाल होते, पण मुलं आता आपसात हिंदी बोलतात आणि बापाला त्यातलं अर्धंमुर्धं कळतं. एकदा ते रविवारचा वर्ग करायला सोमवारी आले, कुलूप बघून परत गेले. दुसऱ्या आठवड्यात हसून सांगत होते, पण हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. शाळेच्या वेळापत्रकावर तीसेक वर्षं जगलेल्या माणसाला वार आठवेनासा झाला होता. मुलाखतीची किंवा कागद दाखवायची तारीख असली की मात्र ते आदल्या रात्री शर्टाला इस्त्री करून ठेवतात. कॅलेंडरवर खूण करावी असे त्यांच्याकडे तेवढेच दिवस आहेत.

त्यांची बायको तिकडे रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात परिचारिका होती. तिचा दिवस वेगळा आहे. सकाळी एक मुलगा सायकलवर कुर्त्यांचं गाठोडं टाकून जातो. शिवून झालेल्या कपड्यांचे लोंबते धागे कापायचे, काज उसवलेलं असेल तर बाजूला काढायचं, घड्या घालून संध्याकाळी परत द्यायचे. नगावर पैसे. किती नग झाले हे ती वहीत लिहिते; ठेकेदार स्वतःच्या वहीत लिहितो; दोन्ही वह्या कधी जुळत नाहीत आणि पैसे ठेकेदाराच्या वहीप्रमाणे मिळतात. बारीक टोकदार कात्रीने ती धागा इतका अचूक कापते की कापडाला टोक लागत नाही. मी कौतुक केलं तर म्हणाली, टाके काढायची सवय आहे. दिल्लीत परिचारिका कमी पडतात अशी ओरड मी कितीदा तरी ऐकली आहे, आणि प्रशिक्षित हात इथे कुर्त्याचे धागे कापत बसले आहेत.

तरीही घरात सावरलेली तीच आहे. नवरा कोसळत चाललेला आहे. हा काही अफगाणांचा स्वभाव नाही. व्हिएन्नाजवळ मारिएंटाल नावाचं एक गाव आहे. तिथला कापड कारखाना १९२९-३० च्या सुमारास बंद पडला आणि जवळजवळ सगळं गाव एकदम बेकार झालं. मारी याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे जाऊन लोकांचे दिवस नोंदवले आणि १९३३ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. वेळच वेळ असल्यावर माणसं वाचनालयात गर्दी करतील असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात वाचनालयाची वर्गणी माफ केली तरी पुस्तकं नेणारे कमी झाले. रस्त्याने चालणारे पुरुष सावकाश चालायला लागले, पुन्हा पुन्हा थांबायला लागले. खिशात घड्याळ ठेवणं सुटलं. सकाळपासून काय केलंत असं विचारलं तर दोन-तीन गोष्टींपलीकडे सांगता येईना. बायकांचं तसं झालं नाही, कारण चूल, पोरं आणि धुणं यांनी त्यांचा दिवस बांधून ठेवला होता. याहोडाने पुढे लिहिलं की नोकरी पगाराखेरीज माणसाला दिवसाचा आकार देते, घराबाहेरची माणसं देते, एखाद्या मोठ्या कामात आपला वाटा आहे ही जाणीव देते, समाजात एक जागा देते. ही बाई स्वतः १९३६ मध्ये ऑस्ट्रियात तुरुंगात गेली, देश सोडण्याच्या अटीवर सुटली आणि इंग्लंडमध्ये परकी म्हणून राहिली. ती पुस्तकी बोलत नव्हती.

मारिएंटालच्या माणसांना निदान गाव स्वतःचं होतं. आमच्या वर्गातल्यांना तेही नाही, वर मागे सोडून आलेल्या गोष्टी आहेत. रिकाम्या दिवसात त्या गोष्टी फार जागा घेतात. दुपारी करायला काही असलं की रात्रीची झोप जरा बरी लागते, असं मला किमान डझनभर माणसांनी वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं आहे. समुपदेशकाकडे पाठवलं तर तिथेही सल्ला हाच मिळतो: दिनक्रम ठेवा, बाहेर पडा, काही काम शोधा. सल्ला बरोबर आहे. तो पाळणं बेकायदा आहे, एवढीच अडचण.

काम मिळालं की काय होतं, हेही याच वस्तीने पाहिलं आहे. २०२१ च्या ऑगस्टपर्यंत काबूलहून दिल्लीला उपचारासाठी येणाऱ्यांची रीघ असायची. साकेतच्या मोठ्या खासगी रुग्णालयांच्या समोर, हौज राणीत आणि तिकडे लाजपत नगरात, औषधांच्या दुकानांवर दारीतल्या पाट्या होत्या, अजूनही काही आहेत. रुग्णाला डॉक्टरांपुढे नेऊन बसवायचं, कुठे दुखतं ते समजावून सांगायचं, रिपोर्ट आणायचे, राहायला खोली बघून द्यायची, हे सगळं इथे आधी आलेले अफगाण निर्वासित करत. कागदोपत्री तेव्हाही ते काम नव्हतंच. पण सकाळी आठला निघायचं ठिकाण होतं, ओळखीचे डॉक्टर होते, वस्तीत मान होता. काबूल तालिबानच्या हाती गेल्यावर आधीचे व्हिसे रद्द झाले, रुग्ण यायचे थांबले आणि दुभाष्यांची ही सगळी फळी काही आठवड्यांत रिकामी बसली. त्यांतल्या एकाने मला सांगितलं की आता वस्तीतले लोक त्याला 'डॉक्टर का आदमी' म्हणत नाहीत. पैशाचं त्याने नंतर सांगितलं.

आता जरा कोल्हापूरकडे येते, कारण या प्रश्नाचं उत्तर माझ्या गावाजवळ एकदा देऊन झालेलं आहे.

कोल्हापूर-मिरज रेल्वेमार्गावर वळिवडे म्हणून लहानसं स्टेशन आहे. १९४३ ते १९४८ या काळात तिथे पोलंडचे सुमारे पाच हजार निर्वासित राहिले. बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत राजवटीने त्यांना घरातून उचलून सैबेरियाकडे धाडलं होतं. तिथून सुटून ते इराणमार्गे हिंदुस्थानात आले. पुरुष बरेचसे लढाईवर. वळिवडे हे थांबायचं ठिकाण होतं, पुढे कुठे जायचं कुणालाच माहीत नव्हतं. युद्ध संपल्यावर तर आपल्या गावावर आता पोलंडचा झेंडाही राहिला नाही, असं त्यांतल्या पुष्कळांना कळलं. म्हणजे आजच्या आश्रयार्थ्यासारखीच त्यांची अवस्था: परतायची सोय नाही, पुढचा मुक्काम ठरलेला नाही, निर्णय दुसऱ्या कुणाच्या तरी हातात.

पण त्यांचा दिवस रिकामा नव्हता. बराकींच्या ओळीत बालवाडीपासून माध्यमिक शाळेपर्यंत वर्ग भरत. शिकवणारी माणसं त्यांच्यातलीच. दवाखाना होता, चर्च होतं, स्काउटची पथकं होती, नाटकं बसवली जात, दुकानं चालत. छावणीचा कारभार पोलंडच्या परागंदा सरकारने नेमलेली त्यांचीच माणसं बघत. क्षयाच्या रुग्णांची सोय पाचगणीला होती. घंटा वाजली की मुलं शाळेत, शिक्षिका वर्गात, परिचारिका दवाखान्यात. ही मुलं पुढे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका अशी जगभर पांगली आणि म्हातारपणी कोल्हापूर बघायला परत येत राहिली. ज्या जागेत आपण नुसतं खितपत पडलो होतो, तिथे सत्तरीत परत कोण येतं? २०२४ च्या ऑगस्टमध्ये आपले पंतप्रधान वॉर्सात गेले, तेव्हा तिथल्या कोल्हापूर स्मारकापुढे त्यांनी आदरांजली वाहिली. कोल्हापूरकर म्हणून मला त्याचा अभिमान वाटला. त्या स्मारकातून आपल्या मंत्रालयाला काही शिकायचं असेल तर ते छप्पर दिल्याबद्दलचं नाही, छपराखाली काय चाललं होतं त्याबद्दलचं आहे.

पोलिश गेल्यावर त्याच बराकींत फाळणीनंतरचे सिंधी निर्वासित आले. त्यांनी धंदा सुरू केला. आज त्या जागेला गांधीनगर म्हणतात, आणि कापडाच्या घाऊक खरेदीसाठी आसपासच्या जिल्ह्यांतले दुकानदार तिथे जातात. लग्नाचा बस्ता बांधायला आमच्या घरचेही तिथेच गेले होते. सिंध्यांच्या नागरिकत्वाचा प्रश्न नव्हता, ही तफावत मला मान्य आहे. पण निर्वासिताला धंदा करू दिला तर इथल्या माणसाचं नुकसान होतं, असं गांधीनगरच्या बाजारात उभं राहून कुणी मला पटवून दाखवावं.

तिबेट्यांची गोष्ट तर अजून चालू आहे. पूर्वीच्या भंडारा, आताच्या गोंदिया जिल्ह्यात नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत सत्तरच्या दशकापासून आहे. तिथले लोक धानाची शेती करतात. आणि थंडी पडली की नागपूर, पुणे, नाशिक इथल्या मैदानांवर तिबेट्यांचे स्वेटरचे गाळे लागतात. तिथून स्वेटर घेतला नाही असं मध्यमवर्गीय मराठी घर सापडणं अवघड. त्यांतले बहुतेक नागरिक नाहीत. २०१४ मध्ये आपल्याच मंत्रालयाने तिबेटी पुनर्वसन धोरण काढून त्यांना भाडेपट्ट्याने जमीन आणि व्यवसायाचे परवाने मिळण्याची वाट सोपी केली. तमिळनाडूतही कॅम्पात राहणारे श्रीलंकन तमिळ वर्षानुवर्षं बाहेर रोजंदारीला जातात; तिकडे घरं रंगवायच्या कामावर त्यांच्यातले कितीतरी जण दिसतात. तेव्हा परदेशी नागरिकाला, नागरिकत्व न देताही, काम करू देणं हा भारतात नवीन प्रयोग नाही. काहींना दिलं, काहींना नाही, इतकंच.

आपल्या बाजूने येणारे आक्षेप मी ऐकले आहेत. काम दिलं तर आणखी लोक येतील, हा पहिला. हेरातहून मुलाबाळांना घेऊन माणूस निघतो तो तालिबानमुळे निघतो. दिल्लीत कामाची परवानगी मिळते की नाही हे त्याला निघताना ठाऊक नसतं, आल्यावरही बरेच महिने कळत नाही.

दुसरा आक्षेप आपल्या लोकांच्या रोजगाराचा. हा मी हलक्याने घेत नाही, कारण हौज राणीत धागे कापणाऱ्यांत बिहारच्या आणि उत्तर प्रदेशच्याही बायका आहेत. पण त्यांचा दर कोण पाडतं? तक्रार करू न शकणारी शेजारीण पाडते. ठेकेदाराला माहीत असतं की एकीने जास्त मागितलं तर दुसरी बोलणार नाही. त्या दुसरीला बोलायची सोय करून दिली, तर फायदा पहिलीचाही होईल. शिवाय आकडा बघा: संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेकडे भारतात नोंद असलेले सगळे निर्वासित आणि आश्रयार्थी मिळून पन्नास हजारांच्या आसपास आहेत, म्हातारी आणि तान्ही धरून. एकट्या महाराष्ट्रात एखाद्या पोलीस भरतीला याच्या कितीतरी पट अर्ज येतात.

तिसरा सुरक्षेचा. इथे तर मला आपलंच हित दिसतं. आज हा माणूस कुठे राहतो, कुणाकडे काम करतो, किती कमावतो, याची सरकारदरबारी नोंद नाही. असली तरी जुनी. परवाना दिला तर फोटो, पत्ता, मालकाचं नाव, बँक खातं सगळं आपल्याकडे येईल आणि दर वर्षी तो स्वतः येऊन ते अद्ययावत करून जाईल. ज्याला लपून काम करावं लागतं त्याच्यावर लक्ष ठेवणं कठीण असतं, हे आपल्या अधिकाऱ्यांना मी सांगायला नको.

राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदातला व्यवसायाचा हक्क फक्त नागरिकांना आहे, हे मला माहीत आहे. २१ वा अनुच्छेद मात्र प्रत्येक व्यक्तीसाठी आहे, आणि चकमा निर्वासितांच्या प्रकरणात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो परदेशातून आलेल्यांनाही लागू केला. जगण्याच्या हक्कात काय काय येतं यावर वकील बोलतील. मी हक्काची भाषा करत नाही. परवानगी मागते आहे, ती द्यायला संसदेत जावं लागत नाही, २०११ सारखं एक परिपत्रक पुरतं.

थायलंडनेही १९५१ च्या करारावर सही केलेली नाही. म्यानमारच्या सीमेवरच्या छावण्यांत चाळीस वर्षं त्यांनी निर्वासितांना कुंपणाआड ठेवलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या मंत्रिमंडळाने ठरवलं आणि ऑक्टोबरपासून या लोकांना छावणीबाहेर जाऊन कायदेशीर नोकरी करायला परवानगी दिली. दया आली म्हणून नव्हे. कंबोडियाशी सीमेवर चकमकी झाल्या, तिकडचे मजूर परत गेले आणि शेतांत, कारखान्यांत हात कमी पडायला लागले. कारण काहीही असो, निर्णय झाला. युरोपीय संघाने २०२४ मध्ये आश्रयार्थ्याला कामाची मुभा देण्याची मुदत नऊ महिन्यांवरून सहा महिन्यांवर आणली. आपणही सहा महिने धरावेत असं मी सुचवते. नोंदणीला सहा महिने झाले, निर्णय झाला नाही आणि विलंब अर्जदारामुळे नाही, तर त्याला तात्पुरता कामाचा परवाना मिळावा, आणि त्या परवान्यावर बँकेत साधं खातं उघडता यावं. दीर्घ मुदतीच्या व्हिसाच्या अर्जावर ठरावीक दिवसांत हो किंवा नाही लेखी कळवावं, नाही असेल तर कारणासह. नाही ऐकायला माणसं तयार आहेत. काहीच न ऐकता वर्षं काढणं त्यांना जमत नाही.

यात एक गोष्ट सांभाळावी लागेल. आपल्याकडे गरजू माणूस दिसला की त्याच्यासाठी तीनच अभ्यासक्रम निघतात: शिवण, मेणबत्त्या आणि ब्यूटी पार्लर. गावाकडे पापड-लोणची. निर्वासितांसाठी झालेली शिबिरं मी पाहिली आहेत. प्रमाणपत्र देताना फोटो निघतो, आणि पुढच्या महिन्यात तीच बाई त्याच गाठोड्यातले धागे कापत असते. शिवण वाईट नाही. दिल्लीतच अफगाण बायकांचा गारमेंट कारखान्यातल्या चिंध्यांपासून बाहुल्या बनवायचा उद्योग उभा राहिला आहे, त्या बाहुल्या परदेशात विकल्या जातात आणि त्या बायकांना त्याचा सार्थ अभिमान आहे. पण पदार्थविज्ञानाच्या मास्तरांना मेणबत्त्या करायला बसवणं म्हणजे त्यांचा दिवस भरणं नव्हे, फक्त तास भरणं. ते वस्तीतल्या दहावीच्या मुलांना शिकवू शकतात. मी त्यांना एकदा फळ्यापुढे उभं केलं. हिंदी मोडकीतोडकी, पण लंबकाचा दोलनकाल समजावताना त्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून दोऱ्याला बांधला, मुलांकडून वेळ मोजून घेतला, दोरा अर्धा केला, पुन्हा मोजायला लावला. किती वाजले याचं भान मुलांना नव्हतं, त्यांना होतं. बरोबर चाळीस मिनिटांनी थांबले. तिकडे तास चाळीस मिनिटांचा असायचा. पुढच्या रविवारी ते रविवारीच आले, दहा मिनिटं आधी.

एक मुलगी आहे, एकोणीस वर्षांची. ती शाळेत असताना तालिबानने मुलींच्या माध्यमिक शाळा बंद केल्या, म्हणून घरच्यांनी देश सोडला. इथे एका शाळेत गेली तर शाळा सोडल्याचा दाखला मागितला. ज्या शाळेला टाळं लागलं तिचा दाखला कुठून आणायचा, याचं उत्तर कारकुनाकडे नव्हतं आणि त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नाही. त्याच्यापुढच्या नियमात अशा मुलीसाठी रकानाच नाही. तो रकाना शिक्षण खात्याशी बोलून आपण पाडून देऊ शकता. मुक्त विद्यालयाची परीक्षा तिला देता आली तर निदान दिवसाला अभ्यास लागेल. सध्या ती धाकट्या भावाचे गृहपाठ करते, भावाला फार आनंद आहे.

महाराष्ट्र सरकारलाही या पत्राची प्रत पाठवते आहे. पोलिश, सिंधी, तिबेटी अशा तीन पिढ्यांच्या निर्वासितांना ज्या राज्याने कामाला लागलेलं पाहिलं, त्याने केंद्राला आपला अनुभव कळवावा, एवढीच अपेक्षा.

परिपत्रकाला वेळ लागेल हे मी जाणते. तोवर एक छोटी गोष्ट होऊ शकते. आमच्या भाड्याच्या खोलीत वीस माणसं दाटीवाटीने बसतात आणि मास्तरांच्या तासाला तीसही होतात. जवळच्या सरकारी शाळेचे वर्ग संध्याकाळी सहानंतर रिकामे असतात. शाळेत विचारलं तर वरून पत्र आणा म्हणाले. वर विचारलं तर परदेशी नागरिकांचा विषय आहे, गृह मंत्रालयाची हरकत नसल्याचं पत्र लागेल, असं उत्तर मिळालं. ते दोन ओळींचं पत्र आपण द्यावं. दोन वर्ग, आठवड्यातून तीन संध्याकाळी. विजेचं बिल आम्ही भरू, झाडलोट आम्ही करू, येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, देश आणि नोंदणी क्रमांक लिहिलेलं हजेरीपत्रक महिन्याच्या पहिल्या तारखेला आपल्या कार्यालयात आणून देऊ.

कळावे,

आपली,
हौज राणीतल्या वर्गाची एक शिक्षिका